खतीजाचाचींना सांगायचं ते

साखर कारखाना वसाहत, जि. अहमदनगर
९ मे १९८७

तीर्थरूप आबांच्या चरणी भानुदासचा नमस्कार.

मी बरा आहे. दोन वेळचं जेवण मिळतं. तलवाड्याला टँकर येतो का? आईला उन्हात पाण्याला पाठवू नका.

पत्र वाचून आधी खतीजाचाचींकडे जा. त्यांचा पाशा दवाखान्यात आहे. दुसऱ्या कोणाकडून त्यांना कळू नये.

कारखान्याच्या बास्केटबॉल संघात एकाची चूक ती सगळ्यांची, यालाच सहकार म्हणतात, असं आमचे कोच सांगतात. चुकणाऱ्याने खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी मैदानाला वीस फेऱ्या मारायच्या. मंगळवारी दुपारी माझे दोन सोपे नेम हुकले. मी बसलो. पाशा पळता पळता ओरडला, “बस बे, चेअरमनसारखा बस!” सगळे हसले. दुष्काळामुळे सरावाला पाण्याची एकच बादली मिळते, ती संपली होती. चौदाव्या फेरीनंतर पाशा कोसळला.

कोच वाईट नाहीत. त्यांनीच त्याला खांद्यावर उचलून नेलं आणि ते अजून दवाखान्यातच बसून आहेत. डॉक्टर खात्री देत नाहीत. हे चाचींना सांगू नका, पण त्यांना घेऊन लगेच निघा. मी खुर्चीत होतो, हे मात्र सांगा.

आज सकाळी पाशाने डोळे उघडले. मला म्हणाला, “किती राहिल्या बे?”

मी म्हणालो, “झाल्या सगळ्या.”

“न्हाई, सहा हायेत,” म्हणत तो उठायला लागला. मी आणि कोचनी त्याला धरून ठेवलं.

वाट पाहतो.

आपला मुलगा,
भानुदास