मुलुंडला राहायची काय गरज

३० जून, सोमवार
आणि वर हे म्हणतात सवय होईल. कसली सवय? भांडुप आणि मुलुंड, मध्ये एक नाहूर. रिक्षाने वीस मिनिटं. एवढ्यासाठी पोरीने गादी गुंडाळून हॉस्टेलात राहायला जायचं? लंडनला गेल्यासारखी गेली. वळून हात केला तोही रिक्षावाल्याला थांबवायला.
कॉलेजचा नियमच आहे म्हणे. ॲडमिशन घेतली की तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. कॉलेज आहे की तुरुंग?
मला काही फरक पडत नाही. उलट बरंय, सकाळी बाथरूम रिकामं मिळतं. दारावर धडधड करायला कोणी नाही म्हणून ह्यांनाच ओरडले.
ठरलं. श्रावणाआधी श्रुतिका घरात. लिहून ठेवते.

२ जुलै
फोन केला. श्रुतिका म्हणाली आई, नियम तो नियम, मी काय करू. मी म्हटलं नियम माणसंच करतात, माणसंच मोडतात. आमच्या बिल्डिंगची पाण्याची वेळ कोणी बदलून घेतली? मीच ना. ती म्हणाली आई, क्लास आहे, ठेवते.
संध्याकाळचे सात वाजले होते. सातला कसला क्लास?

५ जुलै, शनिवार
स्वतः जाऊन बघून आले. आता सगळं कळलं.
डोंगराच्या पायथ्याला एक दुमजली इमारत, मागे दोन बैठ्या चाळी, एक फणस. संपलं कॉलेज. पोरं दीडशेसुद्धा नाहीत. आमच्या एका विंगमध्ये जास्त माणसं राहतात. शिकवणारे पण तिथेच राहतात, त्यांचे कपडे वाळत घातलेले दिसतात.
मोठे सर यज्ञेश. पोरं त्यांना तोंडावर नुसतं यज्ञेश म्हणतात. ते पण ओ देतात.
सायन्स नाही, कॉमर्स नाही, सगळं एकत्र. एक मुलगा गणित घेतो आणि तबला घेतो. मी विचारलं हा पुढे होणार काय? सर म्हणाले ते त्याचं त्याला ठरवू दे. म्हणजे सरांनाही माहीत नाही.
वर्ग पाहिला. बारा पोरं गोल करून जमिनीवर, मॅडम पण त्यांच्यात. मॅडम गप्प, पोरं बोलतायत. पगार नक्की कोणाला मिळतो?
जेवल्यावर ताट ज्याचं त्याने घासायचं. घरी जिने चमचा विसळला नाही ती श्रुतिका नळावर उभी. कडा नीट घासत नव्हती. दाखवून आले. शेजारच्या दोन मुलींनाही दाखवलं, तर तिने माझा हात धरून गेटपर्यंत आणलं. किती माया.
आमटीला चव नाही. खात्री करायला दोनदा घेतली.
मुख्य विषय काढला नाही. पहिल्याच भेटीत पत्ते उघडायचे नसतात.

८ जुलै
मोर्चा. दुसरा इलाज नाही. महिला मंडळातल्या पाचजणी तयार. सुलक्षणा तर म्हणाली मी सगळ्यात पुढे राहते, माझा आवाज लागतो. खरंय, तिचा आवाज ऐकून वॉर्ड ऑफिसातला साहेब जेवण सोडून उठला होता.
घोषणा तयार. आमची पोरगी, आमच्या घरी. सुलक्षणा म्हणाली यमक जुळत नाही. मी म्हटलं तुला यमक पाहिजे की पोरगी?

१० जुलै, गुरुवार
मोर्चा यशस्वी.
घोषणा दिल्या नाहीत. पोरं वाचत बसली होती, आपण काही जंगली नाही. गेटवर कोणी अडवलंच नाही. अडवलं असतं तर बघितलं असतं. आत नेऊन चहा दिला.
सुलक्षणा मात्र नंतर दिसेना. शोधलं तर मागच्या चाळीत, मडकी करायच्या चाकावर बसलेली, कोपरापर्यंत चिखल. पणती केली तिने. वर यज्ञेश सरांना विचारते, माझ्या भाच्याला इथे घ्याल का, तो पण काहीच ठरवत नाही. फितूर.
सरांना मी स्पष्ट सांगितलं, माझी तक्रार आहे. ते म्हणाले आमच्याकडे तक्रार ऑफिसात होत नाही. सोमवारी संध्याकाळी सगळं कॉलेज एकत्र बसतं. ज्याला जे म्हणायचं ते सगळ्यांसमोर. स्वयंपाकी बोलतात, पोरं बोलतात, तुम्हीही या. मी म्हटलं येणार.
श्रुतिकाने बाजूला घेतलं. आई प्लीज, सोमवारी नको येऊ, मी बघते काय ते. चेहरा पार उतरलेला. पोरीवर दबाव आहे. आता तर जाणारच.

१३ जुलै, रविवार
भाषण पाठ. ह्यांना म्हणून दाखवलं. हे म्हणाले, छान आहे, पण तिला विचारलंस का? ह्यांना मुद्दा कधी कळतच नाही. मोर्चाच्या दिवशीही चप्पल शोधत घरीच राहिले.
श्रुतिकाची खाट उन्हाला टाकली. ऊन नव्हतं. पंख्याखाली टाकली.

१४ जुलै, सोमवार
जिंकले.
सगळं कॉलेज जमिनीवर. मला खुर्ची देत होते, घेतली नाही. उभी राहून बोलले. म्हटलं, मी चौथी शिकलेली, मालवणी मसाला करून विकते, पण मला एवढं कळतं की घर वीस मिनिटांवर असताना लेकराला बांधून ठेवायचं नसतं. नियम बदला. 
मग चष्मेवाली एक मुलगी उठली. म्हणाली काकू, जवळच्यांना घरून यायला परवानगी आहे की. आधीपासूनच आहे. घाटकोपरचे दोघं रोज येऊन-जाऊन करतात.
बघा. माझं भाषण संपत नाही तोवर नियम बदलला. आधीपासून होतं म्हणे. हरल्यावर सगळे असंच म्हणतात. वॉर्ड ऑफिसवाले पण म्हणाले होते, पाणी तर आम्ही देणारच होतो.
श्रुतिका खाली बघत होती. आनंदाने बोलवत नसेल.
टाळ्या वाजल्या. सुलक्षणाने तिथल्या तिथे मेसवाल्यांना माझा मसाला विकला. चला, आमटी सुधारेल.

१५ जुलै, मंगळवार
सकाळी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. संध्याकाळी येईल.
रात्री. आली नाही. फोन आला.
म्हणाली आई, नियम नव्हताच. मीच खोटं सांगितलं. मला राहायचं होतं. मी विचारलं का? म्हणाली घरी मला एक पान सलग वाचता येत नाही, तू दर पाच मिनिटांनी आत येतेस.
खोटं. दर पाच मिनिटांनी कोण येतं? चहा द्यायला येते. कपडे ठेवायला येते. पंखा उगाच चालू असेल तर बंद करायला येते. झोपली का बघायला येते. ह्याला काय येणं म्हणतात?
हे म्हणाले, मला माहीत होतं. कधीपासून? तर ॲडमिशनपासून. ह्यांच्याशी बोलणं बंद.

१६ जुलै, बुधवार
सुलक्षणाने विचारलं कधी येते गं पोरगी. म्हटलं मीच सांगितलं, राहा तिथेच, माणूस घडतो. ती म्हणाली मग पेढे कसले? म्हटलं त्याचेच.
मी माघार घेतलेली नाही. कोणी समजू नये.
ह्यांच्याशी बोलावं लागलं, व्हॉइस मेसेज पाठवता येत नाही मला. हे मोबाईल धरून उभे राहिले, मी बोलले. श्रुतिका, खोटं बोललीस त्याचं नंतर बघू. पुढच्या शुक्रवारपासून श्रावण. त्याआधी हा एकच रविवार आहे. कोंबडी-वडे करणार आहे. राहायला ये म्हणत नाही. नुसतं जेवायला ये. पुस्तक आणलंस तरी चालेल, मी आत येणार नाही. वड्यांचं पीठ दळायला टाकायचंय आणि आपली गिरणी शनिवारी बंद असते. दोघांचं दळू की तिघांचं, परवा शुक्रवारी दुपारपर्यंत मला उत्तर पाहिजे.