तुपाचा डबा

रविवार, ९ नोव्हेंबर १९५२, इंदूर

आज ही आणि मी कचेरीतल्या रामलाल शिपायाच्या गावी, सांवेरपुढे क्षिप्राकाठी, जेवायला गेलो. त्याची म्हातारी आई कणकेच्या भाजलेल्या बाफल्यांवर तूप ओतत होती. मी हिला मराठीत म्हणालो, "तुपाला वास येतोय, खाऊ नकोस." तिथे मराठी कुणाला कळणार! म्हातारीने तुपाची तपेली उचलून आत नेली. मला वाटले, संपले असेल.

निघताना ती हिला मराठीत म्हणाली, "सावकाश जा हो, बाईसाहेब. इंदुरात छत्रीबागेत मराठी घरांतच काम केलंय मी."

माफी मागायची होती. तोंडातून निघाले, "जेवण फार छान होतं, अम्मा."

"तूप सोडून," ती हसली.

"क्या बोली अम्मा, साब?" असे विचारत रामलालने तुपाचा डबा आमच्या पिशवीत घातला.

डबा समोर आहे. खरेच वास येत होता का? झाकण उघडायची हिंमत होत नाही.