पत्त्यांचा डाव कुठे बसवला

५ जून, बुधवार
बसवला! पत्त्यांचा डाव कॉम्प्युटरवर बसवला — माझा मी. धाकटी बहीण तिच्या घरून खेळणार, मी इथून. तिची जिरवायचीच आहे.

सून मागे एकदा म्हणाली होती, "आई, काहीही बसवताना ते 'कुठे बसवू' विचारतं ना, तिथे काही बदलू नका. नुसतं 'पुढे' दाबा." मला शिकवते! यंत्र डाव कुठल्या तरी खोल कप्प्यात कोंबणार आणि मी चष्मा लावून हुडकत बसणार? मी सरळ समोरचा कप्पा दाखवला — सुनेचा, 'नकाशे' लिहिलेला. रोजचा डबा हाताशीच बरा.

८ जून
बहिणीला हरवलं. दोनदा!

१२ जून
सून कुरकुरली, "कॉम्प्युटर रडतखडत चालतोय. कोणी काय बसवलंय?" बोलणी नकोत म्हणून ती आंघोळीला गेल्यावर डाव काढून टाकला. यंत्रानं विचारलं, कप्प्यातलं सगळंच काढू? म्हटलं, केर काढायचा तर कोपऱ्यासकट. दाबलं 'हो'.

१३ जून
सुनेचे नकाशे गेले. शाळेच्या नव्या इमारतीचे, महिनोन्‌महिने खपून काढलेले. सोमवारी द्यायचेत, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. लेकावर ओरडली, "तूच साफसफाई केलीस!" तो बापडा शपथा घेतोय. आणि मी? ताटात मान घालून जेवले. वर मीठ मागितलं!

१४ जून
दुरुस्तीवाला आला. "कचरापेटीतही नाही. या कप्प्यात पत्त्यांचा खेळ बसवला होता, तो काढताना सगळंच गेलं. खेळ कोणाचा?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. म्हणाली, "माझाच."

लेक उसळला, "स्वतः घाण करायची आणि खापर माझ्या डोक्यावर!" तिनं दुरुस्तीवाल्याचे पैसे मोजले. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, आज टाळ्याला चिकटली. मेली कुठली! धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं.

१६ जून
सून पुन्हा पहिल्यापासून रेघा ओढतेय. चहा नेला. "ठेवा," म्हणाली. 'आई' म्हणाली नाही.

१७ जून, सोमवार
काम गेलं.

संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. आता पडद्यावर दोन दारं दिसतात. एक तिचं — पासवर्डनं कुलूपबंद. दुसऱ्यावर लिहिलंय 'आई'. आत एकच चित्र, पत्त्यांचा डाव. सुनेनं सासूला वेगळी चूल मांडून दिली!

डाव उघडला नाही. लेकाला हाक मारली. म्हटलं, बस इथे. तो खेळ माझा होता.