संत्र्याचा वास

छावणी, छत्रपती संभाजीनगर

प्रिय मामा,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागदच घेतला. आधी भांडून घेते, खुशाली मागाहून.

मुलगा मला पाहायला आलाय, पोह्यांची बशी त्याच्या हातात आहे आणि माझा सख्खा मामा उठून चपला घालतो! "पोरगं पितंय. संत्र्याचा वास मारतोय," एवढं बोलून तुम्ही लासूर गाठलंत. सत्यम देशी लावून आला होता, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत. अहो, विचारायचं तरी! तो वाळूजला गोळ्या-सरबतांचे स्वाद बनवणाऱ्या कारखान्यात आहे. पाळी संपवून तसाच आला. संत्र्याच्या वासाची रसायनं तिथं पिंपानं असतात, त्यातलं एक इथाइल ब्युटिरेट. त्यात संत्रं नावालाही नाही आणि दारूही नाही. शर्ट कितीदाही धुवा, वास हटत नाही. आता देशीलाही आपल्याकडं तोच वास, त्याला तो काय करणार? पण वेंधळाच. मुलगी पाहायला जाताना कपडे बदलावेत ना! त्यालाही मी झापलंय.

खात्री करावी म्हणून त्याचा कामावरचा शर्टच मागून घरी आणला. दारात पाऊल ठेवलं, तर आई स्वयंपाकघरातून मान वर न करताच म्हणाली, "आले व्हय? वाढू का?"

अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली, मामा. तिचं तिलाच कळलं आणि वाढायला घेतलेलं ताट तिनं परत फळीवर ठेवलं.

तेव्हा तुमच्यावरचा राग निम्मा उतरला. पिऊन पडलेल्या अण्णांना रस्त्यावरून उचलून घरी आणणारे तुम्हीच होता आणि आईसाठी ते स्थळ आणणारेही तुम्हीच. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही, आईनंही नाही. पण म्हणून ज्याच्या अंगाला हा वास, तो माणूस अण्णांसारखाच, असं कसं हो?

आईनं होकार दिलाय. तुळशीचं लग्न झालं की आमचं. मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं, दुसऱ्या कुणाबरोबर मी येणार नाही. रागातच या, पण या. हे स्थळ मी पाहिलंय, मामा. चुकलंच, तर ती चूक माझी असेल, तुमची नाही.

तुमचीच,
सायली