नोंद तपासली, बरोबर आहे

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मी त्याचं ऐकत नाही. एकोणिसावी रहस्यकथा छापून आली. यात खुनी डॉक्टर आहे. मुलीचं घर झालं. बाथरूमच्या फरशा निवडायला तिला महिना लागला. तेवढ्यात माझे दोन खून उरकतात.

डोळ्यांचं ऑपरेशन फसल्याचं वहिनींच्या फोनवरून कळलं. वाईट वाटलं, खरंच. म्हणजे हे पत्र त्याच वाचून दाखवणार. वहिनी, नमस्कार. एक विनंती आहे, मधलं काही गाळू नका. तुम्हाला ती सवय आहे.

लेखककोशाचा नवा खंड नोव्हेंबरात निघाला, ते कानावर आलं असेलच. जूनमध्ये त्यांच्या कचेरीतून मला पाकीट आलं होतं: तुमची नोंद छापायच्या आधी तपासून द्या. माझ्या अठरा रहस्यकथा ओळीने दिल्या होत्या. आणि शेवटच्या चार ओळींत लिहिलं होतं, की याच लेखकाने सत्तावीस वर्षं खपून, अकरा हस्तलिखितं ताडून, एका जुन्या काव्याची संशोधित आवृत्ती सिद्ध केली.

त्यांचा तरी काय दोष? आजोबांचं नाव आपल्या दोघांनाही ठेवलेलं, आडनाव एक, वडिलांचं आद्याक्षरही एकच. कचेरीतल्या बाईंनी चिठ्ठी लावली होती: ‘आपला हा दुसरा पैलू ठाऊक नव्हता.’ मलाही नव्हता.

मी दुरुस्ती करणारच होतो. लाल पेन हातात होतं. चार ओळींवर काट मारायची आणि बाजूला लिहायचं, ‘हा माझा चुलतभाऊ, नोंद वेगळी करावी.’ दोन मिनिटांचं काम.

मग तुझा खुलासा आठवला. माझी तिसरी कादंबरी आली तेव्हा तू वर्तमानपत्रात चौकट दिली होतीस. शब्द पाठ आहेत मला. ‘माझ्याच नावाने उथळ रहस्यकथा लिहिणाऱ्या इसमाशी माझा कोणताही संबंध नाही.’

इसम, दादा.

ज्यांच्या घरी राहून तू शिकलास, त्या माझ्या वडिलांनी ती चौकट सकाळी चहा घेताना वाचली. मला म्हणाले, “कोणताही म्हणजे, आपल्या घराशीही नाही का रे?” मी म्हटलं, “नाही अण्णा, ते पुस्तकांपुरतं.” त्यांनी पेपराची घडी घातली आणि तुझं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. पण माझंही तेच नाव ना. म्हणून पुढची सहा वर्षं, जाईपर्यंत, ते मला नुसतं “अरे” म्हणून हाक मारत राहिले.

मी प्रूफवर लिहिलं, ‘नोंद तपासली, बरोबर आहे’, आणि सही केली. तुझं दुसरं पुस्तक नाही, त्यामुळे कोशात तू कुठेच नाहीस.

आता कामाचं. ती नोंद वाचून एका मंडळाने त्या आवृत्तीबद्दल माझा सत्कार ठरवलाय. पंचवीस मार्चला, मानपत्र आणि भाषण. मी होकार कळवला. पण अकरा प्रतींतली एकच ओळ अकरा तऱ्हांची असते तेव्हा खरी कुठली, हे तू कसं ठरवत होतास, ते मला काय माहीत? चार पानं सांग. वहिनी उतरवून घेतील. नाही पाठवलंस तर मनाला येईल ते बोलेन, आणि समोर तुझ्या विषयातले लोक बसलेले असतील. पुस्तकाची अब्रू आहे, तू ठरव.

औषधं वेळेवर घे.

तुझा,
कोणताही संबंध नसलेला,
धाकटा


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. एक शब्दही न गाळता वाचून दाखवलं. ‘इसम’पाशी हे म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. मग म्हणाले, “काका मला कधी काही बोलले नाहीत गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “वही घे.”

मी म्हटलं, “कशाला? बरळू दे त्याला काय बरळायचं ते.”

“बरळेल तो, आणि हसं होईल पुस्तकाचं. लिही.”

चार दिवस सांगत होते. आधी चौदा पानं झाली, मग त्यांची चार केली. तुम्हाला झेपावं म्हणून अवघड शब्दही बदलले. पाचव्या दिवशी सकाळी चहा झाला म्हणून हाक मारली. उठले नाहीत.

तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही.

वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्याने नाव आणि पत्ता लिहून घेतला, बाकीची माहिती कोशातून घेतली. दुसऱ्या दिवशी अठरा रहस्यकथांचे लोकप्रिय लेखक गेल्याची बातमी आली, तुमच्या फोटोसकट. तुमच्याकडे फोन वाजत असतील. मुलगा म्हणाला, “आई, दुरुस्ती पाठवू या.” मी म्हटलं, “राहू दे. कोशात तसंच आहे.”

बातमीतल्या पत्त्यावर काल मंडळाचं पत्र आलं. सत्कार मरणोत्तर करणार आहेत, मानपत्र पत्नीने घ्यावं म्हणतात. मी येते म्हणून कळवलंय. चार पानं माझ्याजवळ आहेत, ती मीच वाचीन.

आपण जिवंत आहोत असं तुम्हाला मंडळाला सांगायचं असेल, तर जरूर सांगा. पण मग गेलं कोण, तेही सांगावं लागेल, आणि प्रूफवर सही कोणाची, तेही. तुम्ही बोललात तर यांची नोंद यांना परत मिळेल. गप्प राहिलात तर तुमच्या अठराही पुस्तकांसकट तुम्ही गेलात. मला दोन्ही चालेल.

पाकिटावर नुसता पत्ता घातलाय, नाव घातलेलं नाही. गेलेल्या माणसाला कोणी पत्र पाठवत नाही.

वहिनी