तुझं नाव ठाऊक असलेला मुलुख

आक्का, मी इटलीला जायचं ठरवते आहे. असं एकदम सांगितलं की तू हातातलं काम टाकून माझ्याकडे बघितलं असतंस आणि आधी विचारलं असतंस, हे गाव कोणत्या लाईनीवर येतं. लाईनीवर येत नाही गं. मुंबईहून जहाजानं जायचं आणि पुढे तिकडच्या रेल्वेनं. तीनेक वर्षं राहायचं, तिथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काम करायचं आणि काम करता करता त्यांची भाषा शिकायची. त्यांची भाषा आली नाही तर पेशंटला कुठं दुखतंय तेही कळायचं नाही. तू गेलीस तेव्हा मी तुझी फ्रॉकमधली लेक होते. आता पांढऱ्या साडीत वॉर्डभर फिरते, कंपाउंडरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी भांडते, आणि सणकी म्हणून माझी ख्याती आहे. ती मी कमावलेली आहे, त्यात कुणाचे उपकार नाहीत.

आम्ही राहतो ते भिलाई तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या वेळी दुर्गच्या पुढचं एक लहानसं स्टेशन, पॅसेंजर थांबे न थांबे. आता तिथं पोलादाचा कारखाना उभा राहतोय आणि त्याच्या भोवती आमची वस्ती. मोहल्ल्यांना नावं नाहीत, सेक्टरांचे आकडे आहेत. अंगणात सकाळी धुतलेलं फडकं दुपारी कारखान्याच्या धुळीनं लाल होतं. बाबा रिटायर झाल्यावर माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आले. दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कारखान्याच्या आतल्या गाड्यांचं शंटिंग नुसत्या कानानं ऐकून नावं ठेवतात. ‘यायले शंटिंग येतच नाही व,’ म्हणतात, ‘डबे आपटून राहिले नुसते.’ जन्म रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेलेला माणूस, त्यांना डब्यांचं आपटणं सहन होत नाही.

कारखाना रशियनांच्या मदतीनं होतोय, म्हणून इथं ज्याला त्याला रशियन शिकायची घाई आहे. इंजिनिअर, फोरमन रशियाला ट्रेनिंगला जाऊन येतात, केसाळ टोपी घालून काढलेला फोटो भिंतीला लावतात. बाजारातली भाजीवाली रशियन मडमांशी रशियनमध्ये भाव करते. अशा गावात इटालियन शिकणारी मी एकटीच. सगळे एका दिशेनं निघाले की मला हमखास दुसरीकडे जावंसं वाटतं; हे तुझ्याकडून आलं की बाबांकडून, ते तुला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. कोहक्याच्या बाजूला मिशनचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथली नन इटलीची, आम्ही तिला बडी सिस्टर म्हणतो. सुट्टीच्या दिवशी मी तिला पट्ट्या बांधायला मदत करते. तिच्याच गावाकडच्या दवाखान्यात नर्स हव्या आहेत. तिनं मला विचारलं आणि मी विचार न करता हो म्हणून बसले. नंतर विचार केला, तरी उत्तर हो हेच आलं. इथं माझं काही वाईट चाललेलं नाही. पण मला एकदा तरी अशा ठिकाणी राहायचं आहे, जिथं माझं न जमलेलं लग्न हा कुणाच्याही बोलण्याचा विषय नाही, जिथं रस्त्यावरून जाताना मला फक्त रस्ता दिसेल.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

‘कावून जाऊन राहिली तू? इथं काय कमी हाये तुले?’

‘शिकाले जातो बाबा.’

‘नर्स तं झाली. आता आनखी काय शिकाचं राह्यलं?’

‘त्यायची भाषा.’

‘त्यायची भाषा शिकून इथं कोनासंग बोलशीन? माह्यासंग?’ ताट पुढे सरकवून ते उठले. हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, ‘परक्या मुलखात कोन हाये व आपलं? ओळख ना पायख. तू बिमार पडली तं पानी कोन देईन तुले?’

‘मी जन्मभर लोकायले पानीच पाजून राहिली. मलेही कोनी पाजीनच.’

हे मी फार जोरात बोलले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. चहाचा कप समोर ठेवला की घ्यायचे, पण माझ्या हातून घ्यायचे नाहीत. म्हणशील, धाकटा आहे ना? आहे. त्याचा संसार जवळच्याच नंदिनी गावी, चुनखडीच्या खाणीवर. बाबांना तो आज न्यायला तयार आहे आणि त्याची बायको मनानं मोठी आहे. तेव्हा अडलं होतं ते फक्त बाबांच्या तोंडच्या एका शब्दाशी. मी कमावती, माझी सही मला चालते. पण त्यांना असं रुसलेलं खुर्चीत सोडून मी जहाजात बसू शकले नसते. मी सणकी आहे, तशी नाही. बडी सिस्टरला मी सांगून टाकलं की बाबांनी हो म्हटलं तरच. ती म्हणाली, ठीक आहे, तोवर भाषा तर सुरू कर.

पहिल्या धड्याला तिनं पुस्तक काढलंच नाही. टेबलावर जे होतं ते एकेक उचलून नावं सांगायला लागली. पावाला पाने. मिठाला साले. मला हसू आवरेना, आणि का ते तिला सांगायची सोय नव्हती. मग तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि जे म्हणाली ते ऐकून माझं हसू जागच्या जागी विरलं. तिनं तुझं नाव घेतलं होतं. मी म्हटलं, परत सांगा. तिनं ग्लास वर धरून परत सांगितलं. आक्का.

सालेकसा स्टेशनवरचा तो दिवस बाबांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यात माझं किती आणि त्यांचं किती, ते आता वेगळं काढता येत नाही. लढाईचे दिवस. उन्हाळा. आपण स्टेशनमागच्या क्वार्टरात राहतो. भावंडांत तू थोरली म्हणून मामा-मावश्या तुला आक्का म्हणतात, त्यांचं ऐकून आम्ही तुझी पोरं, आमचं ऐकून पोर्टर आणि अख्खं स्टेशन. घरात चुलीवर लाखोळीची डाळ चढवून तू विहिरीवर गेली आहेस, आणि आता पितळी गुंड पाण्यानं भरून कमरेवर घेऊन रुळांच्या कडेनं परत येते आहेस. मी तुझ्या पदराला धरून. लाईन मिळाली नाही म्हणून एक लांबच लांब गाडी उभी आहे. खिडक्यांना गज, दाराशी बंदूकवाले शिपाई आणि आत गोरी माणसं. आपण पाहिलेले गोरे म्हणजे साहेब, इस्त्रीतले. हे तसे नाहीत. दाढ्या वाढलेल्या, ओठ फुटलेले. लढाईत पकडलेले इटलीचे कैदी, असं बाबांनी नंतर सांगितलं. त्यातल्या एकानं तुला पाहिलं, गजांतून हात बाहेर काढला आणि ओरडला, ‘आक्का! आक्का!’ मग दुसरा. मग सगळा डबा.

तू थबकलीस. त्या वेळचा तुझा चेहरा मला दिसतो. खरं सांगायचं तर तुझा तेवढाच चेहरा मला दिसतो, बाकीचे पुसट झाले. घाबरलेला नव्हता तो, लाजलेला होता. ‘अवं माय,’ तू म्हणालीस, ‘हे तं मले हाका मारून राहिले!’ मी म्हटलं, जाऊ नको, हे दुश्मन हायेत. तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. ‘दुश्मन कोनाले आक्का म्हनते काय?’ आणि सरळ डब्यापाशी गेलीस. शिपाई खेकसला, तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. गजांबाहेर आलेल्या एकेका ओंजळीत तू पाणी ओतत राहिलीस. गुंड रिकामा झाला तशी पुन्हा विहिरीवर गेलीस, पुन्हा आलीस. बाबा वर केबिनमधून बघत होते. लाईन केव्हाच मिळाली होती म्हणे, पण सिग्नल द्यायला त्यांचा हात उठेना. ‘साऱ्या नोकरीत थेवढी एकच गाडी म्या लेट केली,’ असं ते अजून छाती काढून सांगतात.

त्यानंतर स्टेशनवर तुझी थट्टा सुरू झाली. मिलिटरीची गाडी आली की पोर्टर ओरडायचे, ‘आक्का, तुमचे सोयरे आले!’ तू त्यांच्यावर डाफरायचीस आणि तरी भरलेला गुंड घेऊन दारात यायचीस. ती माणसं काही परत आली नाहीत. पुढच्याच वर्षी तू तापानं गेलीस. आज मला त्या तापाचं नाव माहीत आहे. त्यावरचं औषध माझ्या वॉर्डातल्या कपाटात असतं, किल्ली माझ्या कमरेला असते. याचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

तर आक्का म्हणजे पाणी. त्यांनी तुला ओळखलं नव्हतं. त्यांनी तुझ्या कमरेवरचा गुंड पाहिला होता. बडी सिस्टरसमोर मी आधी पोट धरून हसले आणि मग एकदम रडायला लागले. ती बिचारी घाबरून ग्लास माझ्याच तोंडाशी धरायला लागली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ग्लास टेबलावर ठेवला. मग तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘प्यास बहुत लगा होगा उन लोग को.’

संध्याकाळी सायकलवरून परत येताना ठरवलं, बाबांना सांगायचं. गंमत म्हणूनच सांगायचं. ते हसले की अबोला सुटेल आणि मग पुन्हा जायचा विषय काढता येईल. शिफ्ट सुटली होती, रस्ताभर सायकलीच सायकली, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. घरी आले तर बाबांनी स्वतः चहा केलेला. कप माझ्या हातात दिला.

‘बस,’ म्हणाले. ‘तू जातो म्हन्ते थो देश इटलीच न? आपल्या गाडीतले थे लोकं तिथलेच न?’

‘हो बाबा.’

‘मंग जा.’

ते आपल्याच तळव्याकडे बघत होते. ‘म्या इचार केला. मले वाटे, परक्या मुलखात पोरगी चालली, ओळखीचं कोनी नाही. पन थ्या लोकायले तं तुह्या मायचं नाव मालूम हाये. नाव घेऊन बलावलं त्यायनं तिले. तिच्या हातचं पानी पेले. असं मानूस इसरत नाही. तू सांगजो तिथं, मी आक्काची पोरगी हावो म्हनून.’

तू गेल्यापासून तुझं नाव त्यांनी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ‘तुही माय’ म्हणत, ती गाडीची गोष्ट सांगतानाही ‘नाव घेऊन बलावलं’ एवढंच म्हणत. आणि आता घेतलं ते मला परवानगी द्यायला. मी चहा प्यायले. तोंडाशी आलेलं सगळं त्याच्याबरोबर खाली गेलं.

आता बाबा खूष आहेत. माझ्यासाठी त्यांनी स्वतःचा रेल्वेचा गरम कोट उन्हात घातला आहे. तो मला गुडघ्यापर्यंत येतो आणि मी तो नेणार आहे. बाजारात भेटेल त्याला सांगतात की पोरगी मायच्या ओळखीच्या लोकांत चालली. काल म्हणाले, ‘तिथं कोनी बुढा भेटला तं इचारजो, सालेकसाची गाडी याद हाये का.’ मी हो म्हटलं. हा होकार मी खोट्यावर घेतला का? रोज मनात येतं. मग वॉर्डात कुणी तापानं फणफणलेला माणूस ‘पानी, पानी’ म्हणतो, तेव्हा तो घड्याकडे बघत नसतो, माझ्याकडे बघत असतो. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालते. कधी पटते, कधी नाही. तू असतीस तर तुला तरी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. बहुतेक तू खूप हसली असतीस आणि मग रात्रीपर्यंत गप्प राहिली असतीस. मला तुझी फार आठवण येते आक्का. इतक्या वर्षांनी कमी व्हायला हवी होती, वाढली आहे. जायचं जवळ आलं तसं वाटतं, एकदा तुला विचारून जायला हवं होतं. बाबांनी हो म्हटलं, तुझं राहिलं.

हे तुला पोचणार नाही. मी नर्स आहे, गेलेल्यांच्या पापण्या मीच मिटते, मला ते कुणी समजावून सांगायला नको. तरी लिहावंसं वाटलं. एक सांगायचं राहिलं. माझं इटालियन बरं चाललं आहे. सगळे शब्द येतात, एकच तेवढा येत नाही असं बडी सिस्टरला वाटतं. त्यांच्या पाण्याच्या शब्दात शेवटी ओठांचा चंबू करून एक हलकासा ‘व’ म्हणायचा असतो, आक्क्वा. ती दर वेळी ग्लास उचलते, चंबू करून दाखवते, आणि मी दर वेळी चुकते. ‘नहीं, नहीं, फिर से,’ ती म्हणते. मी पुन्हा म्हणते, मोठ्यानं. एरवी तुला हाक मारायला मला कुठं जागा आहे? तो ‘व’ मला पहिल्याच दिवशी आला होता.