समोरच्याचा दर

नगर, बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५
(शहराचं नवं नाव ऑफिसच्या कागदावर लिहितो. घरच्याला लिहिताना हात अजून वळत नाही.)

चि. हर्षल,

आप्पांचा आशीर्वाद. तू घेवो न घेवो, दिलेला आहे.

तू आणि मोनिका बरे असाल. श्रीरामपुरात थंडी उतरली का? इकडे दुपारी पंखा लागतो. गोदामावरचे पत्रे बदलून घेतले. बायडाबाई अजून ब्रश बांधायला येते. डोळ्यांना दिसत नाही म्हणते आणि शेजारणीच्या जुडीतली चूक मात्र बरोबर काढते. गेल्या आठवड्यात मला म्हणाली, "आप्पा, पोरगं गेल्यापास्नं तुमी शिव्या द्यायचं सोडलं. करमत न्हाई."

आई आराम करते आहे. तिचं पुढं लिहितो.

तू म्हणशील, आप्पा आणि पत्र? काय करणार, माझा नंबर तू बंद केलास. दुसऱ्याच्या फोनवरून लावला, तर माझं 'हॅलो' ऐकून ठेवतोस. ठेवण्याआधी क्षणभर थांबतोस, तेवढं ऐकू येतं मला. या कानांवरच तर धंदा उभा केला. देवळाली प्रवरेहून सायकलवर खराटे आणून इथल्या कॅम्पात विकायचो, तेव्हा लष्कराची टेंडरं पेटीत पडायची. पाकीट टाकायच्या आधी सगळे सप्लायर चहाच्या टपरीवर जमायचे. कोण घसा खाकरतो, कोण उगाच हसतो, यावरून कोण किती खाली जाणार ते मला कळायचं. मग पोर्टल आलं. पोर्टल खाकरत नाही. तिथं मी बहिरा.

तुझी आई मात्र पन्नाशीत कॉम्प्युटर शिकली. महिला उद्योजक म्हणून सवलत मिळते, यासाठी फर्म तिच्या नावावर टाकली होती, सगळेच टाकतात. पण ही बाई खरोखरची मालकीण होऊन बसली. डिजिटल सही तिची, दर तिचा. मी शेजारी बसून चहा पुरवायचा.

आपला ड्रायव्हर कानिफनाथ श्रीरामपुराहून माल घेऊन आला तेव्हा त्यानं तुझा निरोप दिला. "दादा म्हनला, आप्पांना सांग, करून दाखवलं." गाडीचं दार पुसत पुसत सांगितलं बिचाऱ्यानं, माझ्याकडे न बघता. काथ्याच्या पायपुसण्यांची ती डिसेंबरातली ऑर्डर. कामगारांदेखत मी तुला म्हणालो होतो, एक तरी टेंडर स्वतःच्या नावावर घेऊन दाखव. तू घेतलंस. आणि त्या भांडणात आई गप्प बसली म्हणून ती माझ्या बाजूची, असं तू धरून बसलास. तिचेही फोन घेतले नाहीस.

आता त्या लिलावाचं ऐक. तुला पद्धत माहीतच आहे. जो खाली उतरेल त्याला काम. समोर कोण आहे ते दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. शेवटच्या मिनिटाला कुणी दर उतरवला की वेळ आपोआप वाढते. त्या दिवशी वेळ वाढतच राहिली. एकेक जण गळाला, शेवटी आम्ही आणि समोरचा एक. तो उतरला की आम्ही उतरायचं, आम्ही उतरलो की तो. मी तर रंगात आलो होतो. म्हणालो, "मार अजून, त्याचा दम संपला."

तिनं कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"अगं, वेळ चाललाय."

"जाऊ द्या."

"आपल्याला अजून परवडतंय."

"मला नाही परवडत," ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे बघत बसली. वेळ संपली. मी उठून बाहेर गेलो, दार जरा आपटूनच.

पुढं पोर्टलवर नाव उघडलं. तुझी फर्म. मी दोनदा वाचलं. ती ओट्याशी दूध तापवत होती. विचारलं, "तुला आधीच कळलं होतं?"

"त्याचा दर दरवेळी एकवर संपत होता," तिनं वळूनसुद्धा न बघता सांगितलं.

आहेराच्या पाकिटात आपण एक रुपया वर घालतो, तसा ती दरावरही घालायची. शून्यावर काही संपवू नये म्हणायची. मी किती हसलो असेन. अगं, इथं कमीवाल्याला मिळतं, तू वर कसला चढवतेस? एकदा त्या एका रुपयानं काम गेलंसुद्धा, तरी सवय गेली नाही. या अख्ख्या पोर्टलवर असला वेडेपणा करणारी माणसं दोनच. एक ती, आणि तिच्या शेजारी बसून दर भरायला शिकलेला तू.

"त्याला कळू द्यायचं नाही," तिनं मला शपथ घातली. "त्याला वाटू द्या, स्वतःच्या जोरावर घेतलं. आणि ते खोटंही नाही. बाकीचे त्यानंच गाळले की."

ती शपथ मी मोडतोय, कारण तिला आता हे सांगता येणार नाही.

हर्षल, मी हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. रविवारी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर मला "बघू या" म्हणतात. पण दाराआड सिस्टरला म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्यायला सांगा. हे कान त्या वेळी नसते तर बरं झालं असतं.

तिला विचारलं, हर्षलला बोलावू? डावा हात चादरीवर फिरवत राहिली. मग मी तिच्या हातात बोट दिलं आणि पुन्हा तुझं नाव घेतलं. बोट सोडेना.

ये बाबा. माझ्याशी बोलू नकोस. सरळ जिना चढून तिच्याकडे जा, मी तोवर खाली टपरीवर बसेन. तिला एवढंच सांग की तुला कळलंय. ऐकू येतं तिला, मला खात्री आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल हे पत्र खिशातच राहिलं. कानिफनाथ गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "द्या आप्पा, आत्ता पोचतो." मी म्हणालो, सकाळी ये. शपथ मोडायची तर तिला विचारून मोडावी, असं मनात आलं. तिच्या उशाशी बसून विचारलंही.

आज सकाळी ती गेली.

वरचं सगळं फाडून नुसत्या दोन ओळी पाठवणार होतो. पण वरच्या पानांत ती अजून आहे. फाडवेना.

कानिफनाथला बजावलंय, पत्र हातात द्यायचं, तोंडानं काही सांगायचं नाही. तूही त्याला विचारू नकोस, त्याला परत गाडी चालवायची आहे. मोनिकाला घे आणि गाडीत बस.

तिला घरी आणलंय. माणसं जमलीत. काकासाहेब उन्हाकडे बघून म्हणाले, "उशीर नको. पोरगं येईल कशावरून? वहिनींना किती वेळ ठेवणार?" मी म्हणालो, तो येईपर्यंत. वाद घातला नाही. खुर्ची उचलली आणि उंबऱ्यात मांडली.

तू आल्याशिवाय तिला कुणी उचलणार नाही.

दारात बसलेले,
तुझे आप्पा